पाण्यात उभा राहिलेला घास

नव्वदच्या दशकात दिंडोरीकडं जो तो द्राक्षं लावत सुटला होता, तेव्हा मी एका मळ्यात घासापायी शिव्या खात होतो. आठवीतून शाळा सोडून पार यवतमाळकडून आलेला मी. ओळखीचं कुणी नाही. धाकट्या मालकांनी, म्हणजे दादांनी, काम दिलं, पंपाशेजारची खोली दिली. ते उपकार अजून डोक्यावर आहेत. त्यांच्या थोरल्या भावाला, अण्णांना, मी पहिल्या दिवसापासून खुपलो.

मळ्यातला लसूणघास, म्हशींचा हिरवा चारा, पावसाळ्यात मुळाशी कुजायचा. एकदा पेरून दोन-तीन वर्षं कापत राहायचं पीक ते, पण इथं वर्षातच पिवळं पडायचं. कुजीला पुरून उरेल असं बी दादांना घरच्या घरी तयार करायचं होतं. म्हणून आम्ही पाणथळ तुकड्यात घास पेरला आणि पावसात पाणी बाहेर काढायचं सोडून मुद्दाम तुंबवलं. मेला तो मेला. उरलेली झाडं उपटून मी मुळाचा एखादा फाटा चिरून पाहायचो. आत तपकिरी रेघ दिसली की फेकायचं, पांढरं असलं की परत लावायचं.

"लोक म्हशी पाळत्यात, हे बेणं रोग पाळतंय," अण्णा बांधावरून ओरडायचे. "बी नाय निघालं तर तिथं द्राक्ष लावीन, अन् तू एस्टी स्टँड गाठायचा, वऱ्हाड्या."

बी धरायचं तर घास कापायचा नसतो. मार्चात तुकडा जांभळ्या फुलांनी भरला, मधमाश्या घोंगावू लागल्या, आणि गोठ्यात म्हशी कोरडा कडबा चघळत होत्या. अण्णांना ते बघवेना. दादा नाशिकला गेल्याचं पाहून त्यांनी विळा घेतला.

"अण्णा, बी धरलंय हो!"

"तुझ्या बापाचं रान हाय का? सरक."

मी सरकलो. खोली सुटायची भीती होती. सगळा फुलोरा गव्हाणीत गेला.

दादा आले, बघितलं, एवढंच म्हणाले, "पाणी दे. मूळ धड असेल तर फुटेल."

काही खोडं फुटलीच नाहीत. बाकीची फुटली, फुलली ती मे महिन्याच्या उन्हात. गोगलगायीच्या शंखासारख्या मुरडलेल्या शेंगा चोळल्या, तेव्हा तांब्याभर बी निघालं.

दिवाळीनंतर ते पेरलं. ईर्ष्येनं अण्णांनी शेजारीच बाजारचं बी टाकलं. पुढच्या पावसाळ्यात दोन्हीकडं सारखंच पाणी साचलं. गणपतीपर्यंत अण्णांचा वाफा पिवळा होऊन बसला. आमच्यातही जागोजाग झाडं गेली, पण घास उभा होता. काडी जाड, कापल्यावर वाढ संथ, पान मात्र हिरवंगार.

एके सकाळी अण्णा आमच्या वाफ्यात कापत बसलेले. विचारलं नाही, आणि मीही अडवलं नाही. भारा बांधून झाला.

"काडी लय जाड हाय तुझ्या घासाची. म्हशी थुंकत्यात."

मी भाऱ्याकडं बघत राहिलो.

"बघतो काय मुडद्या? हात लाव की."

मी भारा त्यांच्या डोक्यावर चढवला. स्टँडचं नाव त्या दिवशी निघालं नाही.