तीर्थाला येणारा वास

"पहिलं स्वल्प पाणी द्या, अम्मा." कुठल्याही झोपडीच्या दारात आमच्या हेल्थ इन्स्पेक्टरांचं हेच पहिलं वाक्य. पेला हातात आला की आधी हुंगायचे. ब्लीचिंग पावडरीचा वास आला तर गटागट पिऊन टाकायचे. नाही आला तर तिथेच फतकल मारायचे आणि मडक्यात औषध पडेपर्यंत हलायचे नाहीत. असे चिकट सरकारी पाहुणे तुम्हीही पाहिले असतील, पण ह्यांचा राग कुणालाच येत नसे.

मी नजरबादच्या ऑफिसात नवीन नर्स. आम्ही दोघंही मैसूरच्या जुन्या मराठी घरांतले. माझ्या वडिलांच्या वयाचे असूनही ते मला "अक्का" म्हणत.

एका उन्हाळ्यात वस्तीत कॉलरा शिरला. भिंतीला भिंत लागलेली घरं, उंबऱ्याला टेकलेलं गटार, आणि सगळे पाणी भरणार मारम्माच्या देवळाजवळच्या विहिरीचं. तिच्यात पावडर टाकायचं म्हटल्यावर पुजारीणबाई उसळल्या. "देवीच्या पाण्याला वास? बेडा, सामी, नको!"

इन्स्पेक्टर भांडले नाहीत. टँकर आणवला, विहिरीवर फळ्या ठोकल्या आणि पुजारीणबाईंना विहिरीतल्या एका कळशीची सूट दिली. "देवीच्या अंघोळीपुरती, अक्का. तेवढ्यानं काय होतंय?" मलाही ते पटलं. देवी आमचीही होतीच की.

साथ ओसरली. आम्ही हुश्श केलं, आणि रविवारी चार घरांत पुन्हा उलट्या सुरू झाल्या. ते वेड्यासारखे मडकी हुंगत फिरले. सगळ्या मडक्यांना पावडरीचा वास होता. शेवटच्या घरात सहा वर्षांची पोर निपचित पडली होती. तिची आई म्हणाली, "बाहेरचं काही दिलं नाही, सामी. शुक्रवारचं तीर्थ तेवढं दिलं."

देवीच्या अंघोळीचंच पाणी तीर्थ म्हणून ओंजळीत पडतं, हे आम्हा दोघांना लहानपणापासून ठाऊक होतं. त्या शुक्रवारी आम्हीही ते घेतलं होतं.

"माझी कळशी, अक्का," एवढंच म्हणाले.

पोर गेली. संध्याकाळी ते पुजारीणबाईंपुढे हात जोडून उभे राहिले. "चुकलो, अम्मा. सूट मी दिली." बाईंनीच कळशी पुढे सरकवली. "हाकी, सामी. टाका."

त्यानंतर दर शुक्रवारी देवीच्या कळशीत पावडर त्यांच्याच हातची. निवृत्त होऊन हिनकलला राहायला गेले, तरी खिशात पुडी घालून बसनं यायचे. पुडी फुटून सदऱ्याचा खिसा पांढरा झालेला असायचा. मी हसले की म्हणायचे, "देवीचा अंगारा आहे, अक्का."

ते गेल्यानंतरच्या शुक्रवारी मी देवळात गेले. मला त्यांची फार आठवण येत होती. पुजारीणबाई आता वाकल्या होत्या. त्यांनी माझ्या ओंजळीत तीर्थ घातलं आणि म्हणाल्या, "पहिला वास बघा, नर्सम्मा."

मी वास घेतला. पावडर होती. माझ्याच्यानं ते तीर्थ लवकर पिववेना.