दाजींची लिफ्ट आणि आक्काची फरशी

आमचे दाजी परशराम निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. दिवसभर दुसऱ्याच्या तंबाखूवर लक्ष ठेवायचं आणि संध्याकाळी चौकात बसून जगाला अक्कल शिकवायची, हा त्यांचा धंदा. विहीर कुठं खणावी, एस्टी उशिरा का येते, बेळगावच्या कोर्टात अमक्याचा वकील कुठं चुकला, सगळं त्यांना ठाऊक. फक्त घरी बायको दोन-दोन दिवस बोलत का नाही, एवढं ठाऊक नव्हतं. ती बायको म्हणजे माझी थोरली बहीण मालुबाई, आमची आक्का. तेव्हा मी दाजींबद्दल चार गोड शब्द बोलेन, अशी आशा कुणी धरू नये.

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या सुमाराला दाजी बेळगावला गेले आणि कॅम्पातल्या कुठल्याशा लिलावातून मोटार उचलायची लिफ्ट घेऊन आले. खाली जाड लोखंडी पाया, वर दोन खांब, खांबांना पुढं आलेले दोन हात. दांडा फिरवला की हात वर जायचे, वर चढवलेली मोटार उचलली जायची आणि माणसानं खाली शिरून काम करायचं. दाजींकडं मोटार नव्हती. सायकल होती, तीही वखारीच्या मालकाची.

"आदी सोय करून ठिवायची, मग मोटार आणायची," दाजी म्हणाले. "लोकं उलटं करत्यात, म्हणून फसत्यात."

घरापुढच्या छपरात लिफ्ट उभी राहिली आणि त्या दिवसापासून दाजी छपराला गॅरेज म्हणायला लागले. रस्त्यानं जाणाऱ्याला हाताला धरून आणायचे आणि मोटार नाही म्हणून सायकलच उचलून दाखवायचे. बघणारा मान हलवायचा आणि कोपऱ्यावर जाऊन पोट धरून हसायचा.

आक्काचं वेड निराळं होतं. तिला फरशी पाहिजे होती. लग्न होऊन आल्यापासून तिनं त्या घराची जमीन शेणानं सारवली होती, आणि उरलेल्या वेळात मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या होत्या. त्या विड्यांच्या जिवावर शेवटी पुढच्या सोप्यात आणि मधल्या घरात मोझाईकची फरशी बसली. पांढऱ्यावर काळे-तांबडे खडे, वर पॉलिश. दाजींचा त्यात वाटा एवढाच, की गवंड्याला त्यांनी दोनदा चुकीचं माप सांगितलं. फरशी झाल्यावर पाय धुतल्याशिवाय आक्का कुणाला आत घेत नव्हती. मी सख्खा भाऊ, पण मलाही तांब्या दाखवला होता.

अशात सदलग्याहून निरोप आला, की आक्काच्या लेकीला, आमच्या शालूला, बघायला रविवारी पाहुणे येणार. आक्कानं छपरातून घरात शिरून बघितलं. लिफ्टचा हात बरोबर कपाळाच्या उंचीवर येत होता.

"अवो, हे धूड परड्यात न्या," आक्का म्हणाली. "पावण्यांची टाळकी फुटतील."

परडं घराच्या मागं. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती चिकटलेल्या. परड्यात जायला वाट एकच, सोप्यातून मधल्या घरात आणि मधल्या घरातून मागच्या दारानं. म्हणजे सगळी नव्या फरशीवरून.

"आन् फरशीला एक वरबाडा उठला," आक्का पुढं म्हणाली, "तर त्या लिफ्टासंगं तुमी बी परड्यातच ऱ्हायचं."

दाजींनी चौकात बसून विचार केला आणि येऊन सांगितलं, "लई सोपं हाय. फरशीवर शेंगतेल वतायचं आन् ढकलायचं. आपसूक सरकत जातंय."

आक्कानं तेलाचा डबा उचलला आणि आत नेऊन कुलूप घातलं. मग दाजींना केळीचे खुंट सुचले. खुंटांवरून लोखंड गडगडत जाईल म्हणे. केळीच्या चिकाचा डाग जन्मात निघत नाही, हे आक्कानं त्यांना ज्या शब्दांत सांगितलं ते मी इथं लिहीत नाही.

शेवटी तिनंच पदर खोचला. वखारीतले दोन हमाल, भरमा आणि भीमाप्पा, दाजींनी आणले होते. आक्कानं आधी लिफ्टचे नटबोल्ट सोडवायला लावले. हात काढले, खांब आडवे पाडले, सगळ्याला वाकळा गुंडाळून दोऱ्या बांधल्या. ते खांद्यावरून गेलं. राहिला पाया, तो उचलायच्या पलीकडचा. आक्कानं फरशी झाडून घेतली, मग ओल्या फडक्यानं पुसली, कारण वाळूचा एक कण खाली राहिला तरी तो फरशी चिरत जाणार. त्यावर रिकामी पोती, पोत्यांवर फळ्या, फळ्यांवर नळाचे पाइप आणि पाइपांवर पाया. आम्ही तिघं ढकलत होतो, मागं सुटलेला पाइप आक्का पुढं आणून ठेवत होती. दाजी पुढं तोंड आमच्याकडं करून उलटे चालत होते आणि हुकूम देत होते. ते डावीकडं म्हणाले की आम्ही उजवीकडं घ्यायचो. काम चांगलं चाललं होतं.

मागच्या दारात पाया अडला, तेव्हा टेकूला दगड हवा झाला. भीमाप्पानं पुढच्या दाराजवळचा गोल दगड आणून लावला. सणावाराला दाजी ज्याच्यावर नारळ फोडायचे, तोच दगड. पाया अलगद परड्यात उतरला.

आम्ही फळ्या-पोती काढली. आक्का गुडघ्यांवर बसली आणि उजेडाकडं तोंड करून सगळी फरशी बघत गेली. एक ओरखडा नव्हता. तिच्या तोंडावर तसलं हसू मी लग्नानंतर पहिल्यांदा बघितलं. "च्या टाकते सगळ्यास्नी," म्हणून ती चुलीकडं गेली.

"बघितलंसा, पावणं?" दाजी मला म्हणाले. "डोस्कं लागतंय अशा कामाला."

मग त्यांना आठवलं, की यंत्र जागेवरून हाललं म्हणजे नारळ फोडावा लागतो. त्यांनी देव्हाऱ्यापुढचा नारळ उचलला, दाराशी जाऊन दगड शोधला. दगड परड्यात टेकूला होता. मी हे सांगायला तोंड उघडेपर्यंत दाजी सोप्याच्या मधोमध आले, डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि सगळा जोर लावून नारळ खाली घातला.

फरशीला तीन तडे गेले. नारळ फुटला नाही.

आक्का आवाज ऐकून आली. तिनं फरशीकडं बघितलं, नारळाकडं बघितलं आणि आत जाऊन चहा उतरवला. सगळ्यांना दिला, दाजींनाही दिला. मला तिची तेव्हा भीती वाटली.

रविवारी पाहुणे यायच्या आधी तिनं त्या तड्यांवर चटई टाकली आणि दाजींना तिच्यावर बसवलं. "हितनं हालायचं न्हाय," एवढंच म्हणाली.

सदलग्याचे सत्याप्पा, म्हणजे मुलाचे वडील, बसल्या-बसल्या म्हणाले, "दिवाणजी, मोटार उचलायचं यंत्र हाय म्हणं तुमच्याकडं. दावा की."

अख्ख्या जन्मात दाजींना असं आपण होऊन मागणारं गिऱ्हाईक भेटलं नव्हतं. ते अर्धे उठले, आक्काकडं बघितलं आणि परत बसले. "पाय आखडलाय जरा. रवळू, दाव रं."

मी दाखवून आणलं. सत्याप्पांनी परत येऊन विचारलं, "आन् मोटार कुटं हाय?"

"यायची हाय," दाजी म्हणाले.

शालू त्यांना पसंत पडली. देण्याघेण्याचं बोलणं झालं आणि सुपारी फोडायची वेळ आली. आमच्याकडं ती मुलीच्या बापानं फोडायची असते, त्याचा तो मान. दाजींनी एका हातानं सुपारी चटईच्या कडेला फरशीवर ठेवली आणि दुसऱ्या हातानं बत्ता उगारला. देवाशप्पथ सांगतो, तिथंच, फरशीवरच.

आक्कानं त्यांचं मनगट धरलं. बत्ता काढून घेतला, सुपारी काढून घेतली आणि दोन्ही माझ्या हातात दिलं. "जा, परड्यात त्या लिफ्टावर फोडून आण."

"अवो, बापानं फोडायची आस्ती," सत्याप्पांची बायको म्हणाली.

आक्कानं दाजींना हातानं बाजूला सरकवलं आणि चटई उचलली. "ह्यांचं फोडून झालंय," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. मी परड्यात गेलो, लोखंडावर सुपारी ठेवून फोडली. ती लिफ्ट त्या घरात कशाच्या उपयोगाला आली असेल तर तेवढ्यालाच. मला दाजींचं वाईट वाटलं का? वाटलं थोडं. फरशीचं जास्त वाटलं.

आत येऊन मी सगळ्यांना सुपारी वाटली, एक तुकडा दाजींच्या तळहातावर ठेवला. ते तसेच तड्यांशेजारी बसून राहिले. पाहुणे चहा पिऊन उठले, एस्टीला गेले, तरी सुपारी हातातच होती.