अव्हिसची उलटी गाठ

आमच्या वरागल गावात शो-ग्राउंडवरच्या हॉलमध्ये दर हिवाळ्यात जुन्या लष्करी सामानाचा बाजार भरतो. मी तो भरवणाऱ्या क्लबचा सेक्रेटरी, म्हणजे टेबलं मांडायची आणि सगळ्यांची बोलणी खायची. चहाच्या खिडकीजवळचं टेबल मात्र मी दुसऱ्या कुणाला देत नाही. ते क्लेम ट्रेगरचं. लोण्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेला हा माणूस बाजारात काही विकत नाही आणि काही विकत घेतही नाही. लोक शेडमध्ये सापडलेली रायफलची जुनी काडतुसं घेऊन येतात, आणि ती कुठली, किती मोलाची, हे क्लेम फुकट सांगतो. मोल सांगणाऱ्यानं माल घ्यायचा नाही, हा त्याचा नियम. घ्यायला लागलं की जीभ वाकडी होते, असं त्याचं म्हणणं.

काडतूस हातात आलं की तो आधी बूड बघतो. तिथे कारखान्याचा शिक्का आणि साल असतं. मग बुडाच्या मधोमध बसवलेल्या ठिणगीच्या टोपीभोवतीचं रंगीत कडं. जांभळं असेल तर साधी गोळी, लाल असेल तर वाटेत उजेड पाडत जाणारी, हिरवं असेल तर पोलाद भेदणारी. आमचे शहाणे लोक आदल्या दिवशी काडतुसं पॉलिशनं घासून लखलखीत करून आणतात आणि तो रंगच घालवून बसतात. मग क्लेमचा पारा चढतो.

"घासलंस? लग्नाला न्यायचं होतं का याला? आता ही कुठली गोळी ते देवालाच विचार जा!"

त्याची बायको अव्हिस चहाच्या खिडकीत असते. युद्धाच्या काळात, पोरसवदा वयात, ती फुटस्क्रेच्या दारूगोळा कारखान्यात काडतुसांची पुडकी बांधायची. तिचा भाऊ कीथ तेव्हा न्यू गिनीत लढत होता. तो परत आलाच नाही. त्या दिवसांबद्दल आमच्यापाशी ती एकच वाक्य बोलते: "एवढी बांधली, पण माझं म्हणावं असं एक नाही." फाटकावर झडती व्हायची, घरी काय नेणार?

एका वर्षी इना कॅटनॅक बिस्किटांचा डबा घेऊन आली. तिचा भाऊ वारला होता आणि डबा त्याच्या मेंढ्यांच्या शेडमध्ये सापडला होता. आत तपकिरी कागदाचं, सुतळीनं बांधलेलं, कधीच न उघडलेलं एक पुडकं होतं.

"क्लेम, मोलाचं असेल तर सांग. नाहीतर सोमवारी पोलिसांकडे देऊन टाकते. ते नष्ट करतात म्हणे. माझ्याकडे कुठला आलाय परवाना!"

क्लेमनं पुडकं उचललं. त्याचा अंगठा सुतळीच्या गाठीवर थांबला. मग तो खुर्चीतून उठला, टेबलाला वळसा घालून पलीकडे गेला आणि इनाशेजारी गिऱ्हाईकासारखा उभा राहिला.

"लेस, तू बस इथे. याचं मोल तू सांग."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"छापलंय ते वाच. बस म्हणतो ना!"

बसलो. फुटस्क्रेचा माल, साल १९४२, साधी गोळी. अशी पुडकी तेव्हा ढिगानं बनली. "किरकोळ माल आहे, इना," मी म्हणालो. "जेवणापुरतेसुद्धा पैसे यायचे नाहीत."

"मग हा असा पांढरा का पडलाय?" इनानं क्लेमकडे बघत विचारलं.

क्लेमनं सुतळीकडे बोट दाखवलं. "गाठ उलटी आहे. डाव्या हातानं मारलेली. कारखान्यात पुडकी बांधायच्या बाकावर अव्हिस एकटीच डावखुरी होती, तिनंच सांगितलंय. लग्न झाल्यापासून शोधतोय मी हे, तिला द्यायला. म्हणून मोल मी सांगायचं नाही. आणि या टेबलावर आलेलं घ्यायचंही नाही."

खरं सांगतो, मला त्याचा भयंकर राग आला. "अरे, नियम तुझाच ना? मग मोड की!"

"आज मोडला तर आजवर सांगितलेलं सगळं खोटं ठरेल, लेका." त्याचे डोळे भरले होते, पण पुडक्याला त्यानं परत हात लावला नाही.

आमचं सगळं बोलणं खिडकीतून ऐकून अव्हिस हात पुसत बाहेर आली. इनानं पुडकं उचलून सरळ तिच्या हातात ठेवलं.

"मोल लेसनं सांगितलंय आणि देतेय मी तुला. यात क्लेमचा काय संबंध? परवाना त्याच्याकडे आहे, तर त्यानं फक्त आपल्या कपाटात कुलूप लावून ठेवावं."

अव्हिसनं पुडकं फिरवून पाहिलं. "माझंच. सुतळीचं टोक असं आत खुपसायची मी." आणि तिनं सुतळी ओढली.

"अगं, सोडू नकोस!" मी ओरडलो. न उघडलेलं पुडकं उघडलं की जे काही मोल असतं तेही जातं.

तिनं ऐकलंच नाही. आतल्या पितळेच्या ओळींवर तिनं तळवा ठेवला. "वाटायचं, यातलं एखादं कीथला मिळेल," ती म्हणाली. मग तिनं कागद दुमडला, आणि त्या सुजलेल्या सांध्यांच्या डाव्या हातानं, आम्हाला कळायच्या आत, तीच गाठ परत मारली.

क्लेम पुढे वाकला. त्यानं ही गाठ मारताना तिला कधी पाहिलंच नव्हतं.

"एवढे बाजार पालथे घातलेस होय रे?" ती म्हणाली. "आणि मी घरातच होते. सुतळी आणून दिली असतीस तर हवी तेवढी बांधली असती."

"मग बांध की परत एकदा," क्लेम म्हणाला.

तिनं गाठ सोडली. तो टेबलाला वळसा घालून आपल्या खुर्चीशी आला, मला उठवलं, आणि मोल सांगायच्या त्या जागी तिला बसवलं.