कागदी ताटावरचे दहा

तुम्ही कधी छत्तीस फुटांचं घर मागे मागे नेत दोन झाडांच्या मधोमध घातलंय का? खरं सांगा. घातलं नसेल तर वर्लिनला हसायचा हक्क तुम्हाला नाही. मला आहे. मी फीनिक्समध्ये बावीस वर्षं सिटी बस चालवली, रोज डेपोत मागे घेऊन लावली, आणि कुणी एकदाही टाळी वाजवली नाही. वर्लिनसाठी मात्र लोक खुर्च्या घेऊन येतात.

वर्लिन आणि आर्डिस टोलेफ्सन. तो चौऱ्याहत्तरचा, ती बहात्तरची. मिनेसोटाच्या पार वरच्या टोकाला त्यांचं गाव, जिथे ऑक्टोबरात पडलेला बर्फ एप्रिलमध्ये निघतो. वर्लिन एकतीस वर्षं रस्त्यावरचा बर्फ ढकलायची गाडी चालवायचा, आर्डिस शाळेच्या स्वयंपाकघरात होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी घर विकलं आणि ही घरगाडी घेतली. बसएवढी लांब, आत पलंग, शेगडी, फ्रीज, न्हाणीघर. उन्हाळाभर ती मुलीच्या शेतावर उभी असते. थंडी पडली की दोघं ॲरिझोनाच्या वाळवंटात. असे अकरा हिवाळे झाले. मी इथे बाराही महिने असते, शाळेच्या एका जुन्या पिवळ्या बसमध्ये राहते, त्यामुळे ही थंडीची पाखरं येताना आणि जाताना मला दोन्ही वेळा दिसतात.

सरकारी वाळवंटात एका जागी चौदा दिवस फुकट राहता येतं. पंधराव्या दिवशी पंचवीस मैल पलीकडे सरकायचं, असा नियम आहे. म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, दर पंधरवड्याला आमची अख्खी वस्ती उठते आणि दुसरीकडे जाऊन बसते. घरदार विकून मोकळे झालेले हे लोक. पण नव्या जागी पोचल्यावर पहिलं काम काय, तर दारापुढे प्लॅस्टिकचं हिरवं गवत अंथरायचं, भोवती दगडांची ओळ लावायची आणि नावाची पाटी ठोकायची. त्या दगडांच्या आत कुणाचं पाऊल पडलं की कपाळाला आठ्या.

आणि एकेक गाडी जागेवर लागताना बघणं हा आमचा सिनेमा. नवरा स्टिअरिंगवर, बायको मागे उभी राहून हातवारे करणार.

"डावीकडे म्हटलं मी."

"कुणाच्या डावीकडे?"

"तुझ्या. नाही, माझ्या. थांब, आता राहू दे, मी चालले आईकडे."

"तुझी आई जाऊन वीस वर्षं झाली."

चाळीस चाळीस वर्षांचे संसार त्या दहा मिनिटांत मोडायला येतात. बाकीचे घडीच्या खुर्च्या टाकून बघत बसतात, आणि गाडी लागली की कागदी ताटावर जाड पेनने गुण लिहून ताट वर धरतात. चार. पाच. एका कॅनडावाल्याने गाडीची शिडी निवडुंगावर घातली, त्याला दोन मिळाले, तेही निवडुंग वाचला म्हणून.

वर्लिनला कायम दहा. एका दमात, एकदाही पुढे न येता. आर्डिस मागे उभी असायची, वॉकीटॉकी ओठांना लावून, पण ती काय बोलते ते शेजारच्या खुर्चीलाही ऐकू यायचं नाही.

"ती कशाला लागते रे तुला तिथे?" कुणीतरी विचारायचंच.

"काही लागत नाही. बिचारीला तेवढंच काम," वर्लिन म्हणायचा. सगळे हसायचे. आर्डिससुद्धा.

मिनेसोटाच्या त्या टोकाची माणसं कौतुकात फार कंजूष. 'वाईट नाही' म्हणजे तिकडचं सुवर्णपदक. अकरा वर्षांत वर्लिनने आर्डिसला 'वाईट नाही' म्हटलेलं मी दोनदा ऐकलं, दोन्ही वेळा खिम्यावर बटाट्याचे गोळे रचून भाजलेल्या तिच्या त्या पदार्थाबद्दल.

दर जानेवारीत तो नव्या लोकांचा वर्गही घ्यायचा. सकाळी दहाला, वाळूवर काठीने रेघा ओढून. पहिला नियम ठरलेला. "मागे उभ्या असलेल्या माणसावर विसंबू नका. गाडी आपल्या हातात असते."

या जानेवारीत मी एक अर्ज फिरवत होते. पाण्याचा नळ एकोणीस मैलांवर, आणि इथे जुन्या व्हॅनमध्ये वर्षभर राहणारी माणसं आहेत, तेव्हा वस्तीजवळ एक नळ द्या, एवढंच मागणं. दुपारी चारला सगळे आपापली खुर्ची आणि आपापलं पेय घेऊन गोल करून बसतात. तिथे मी कागद वर्लिनपुढे धरला. त्याने पेन घेतलं आणि ऐटीत सही ठोकली. सरळ तीन नावांच्या आरपार.

माझं डोकं फिरलं. "हे काय केलंस? खाली रिकामी ओळ दिसत नाही? तीन नावं गेली ना बाद."

"त्याची सही मोठीच असते," आर्डिस घाईने म्हणाली.

"मोठी? रूळ टाकलेत त्याने."

"युनियनवाली तापली बघा," वर्लिन म्हणाला, कारण बसच्या नोकरीत मी युनियनसाठी भांडायचे, आणि माझ्या डाव्या कानाकडे बघून हसला.

माझ्या कानाकडे. बावीस वर्षं मी वरच्या आरशात माणसांच्या नजरा वाचल्या आहेत. कोण तिकीट चुकवणार, कोण रडत चढलाय, कोण प्यायलाय. या माणसाची नजर माझ्या चेहऱ्यावर येतच नव्हती, शेजारून निसटत होती. उष्टी ताटं गोळा करायच्या निमित्ताने मी आर्डिसला बाजूला घेतलं.

"किती दिसतं त्याला?"

तिने आधी ताटं एकात एक नीट बसवली. "कडेचं दिसतं. मधलं गेलं."

"कधीपासून?"

"हा दुसरा हिवाळा."

"आणि रस्त्यावर?"

"मी शेजारी बसून सांगते. थोडं उजवीकडे. ट्रक येतोय. आता ब्रेक. मोठे रस्ते आम्ही टाळतो. या वेळी चार दिवसांच्या प्रवासाला अकरा लागले."

त्या अकरा दिवसांचं वस्तीत केवढं कौतुक झालं होतं. बघा म्हणे, कसे सावकाश, मजेत, देश बघत येतात.

मी ओरडले नाही, कसं कोण जाणे. "अकरा टन आहेत, आर्डिस. समोरून शाळेची बस आली असती तर?"

"मला झोप लागत नाही," ती म्हणाली. "तुला काय वाटलं, लागते?"

"मग तू चालव. लायसन्स आहे ना तुझ्याकडे?"

होतं. साधं मोटारीचं, आणि घरगाडीला तेवढंच लागतं. कायदा कुठेच आडवा येत नव्हता. आडवा येत होता एक दिवा. पहिल्याच वर्षी आर्डिसने एकदा गाडी मागे घेतली होती आणि मागचा दिवा फोडला होता. तोच दिवा वर्लिन चारच्या बैठकीत दर मोसमाला पुन्हा फोडायचा. पहिल्या वर्षी त्याला नुसता तडा गेला होता. अकराव्या वर्षापर्यंत गाडीची अख्खी मागची बाजू गेली होती.

"गाडी चालवणं सुटलं की आम्ही मुलीच्या तळघरात," आर्डिस म्हणाली. "तिथे एकच खिडकी, तीही पाच महिने बर्फाखाली. तो तिथे खुर्चीत बसेल तो उठणारच नाही. आणि त्याचं सोड. हे हिवाळे माझेसुद्धा आहेत, ओफेलिया. मला अजून थोडे हवेत."

मी म्हटलं, "मुक्काम हलायला अकरा दिवस आहेत. त्या दिवशी तो स्टिअरिंगवर बसला तर मी रस्त्यात आडवी उभी राहीन आणि शेरीफला फोन करीन. मैत्रीण आहेस म्हणून आधी सांगतेय."

"आणि मी बसले तर?"

"त्यासाठी माझी बस आहे."

दुसऱ्या दिवसापासून वर्लिन वर्गावर गेला की आम्ही दोघी कोरड्या ओढ्यापलीकडच्या सपाट जागेवर. पाण्याची चार रिकामी पिंपं उभी केली, ती झाडं समजायची. पहिल्या दिवशी तिचे पाय पेडलला नीट पुरेनात, पाठीमागे उशी लावली. दुसऱ्या दिवशी तिने दोन पिंपं आडवी केली आणि इंजिन बंद करून पुटपुटली, "झालं. आता बारा वर्षं पिंपांची गोष्ट." तिसऱ्या दिवशी एकच पिंप हललं. पाचव्या दिवशी माझी बस दोन पिंपांमधून एका दमात आत गेली, दोन्ही बाजूंना हातभर जागा सोडून.

"हे कधी शिकलीस?" मी विचारलं.

"दोन वर्षं मीच चालवतेय ना. हात फक्त त्याचे होते."

ओढ्यापलीकडून वाऱ्यावर वर्लिनचा आवाज येत होता. मागे उभ्या असलेल्या माणसावर विसंबू नका.

मुक्काम हलायच्या सकाळी आर्डिस स्वेटरच्या बाह्या वर सारून ड्रायव्हरच्या जागेवर बसली. दार उघडं होतं. वर्लिन पायरीशी आला आणि थांबला. मी दहा पावलांवर, फोन हातात धरून.

"जागा चुकली तुझी," तो म्हणाला.

"नाही चुकली."

"आर्डिस, दिव्याचं आठवतंय ना?"

"अकरा वर्षं आठवतंय. आता पुरे."

"युनियनवालीने भरवलंय हे तुला."

"तिने फक्त पिंपं दिली."

त्याने दाराची कड चाचपली. मग म्हणाला, "तिथे पोचल्यावर मागे कोण उभं राहणार?"

"तू."

"मला दिसत नाही, आर्डिस."

दोन हिवाळ्यांत पहिल्यांदाच त्याने हे तोंडाने म्हटलं, तेही उघड्या दारात. मी फोन खिशात टाकला आणि तोंड फिरवलं. भांडण असेल तिथे मी न बोलावता जाते, पण हे माझ्या बघण्याचं नव्हतं.

"मग काय झालं?" आर्डिसचा आवाज आला. "मागच्यावर विसंबायचंच नसतं. वर्गात तूच सांगतोस."

तो हसला नाही. पायऱ्या चढला, शेजारच्या खुर्चीत बसला. पट्ट्याचं टोक सापडायला त्याला वेळ लागला. तिने मदत केली नाही, आणि ते मला आवडलं.

पंचवीस मैल ती पंचेचाळीसच्या वेगाने गेली. मी मागे होते. आम्हाला ओलांडताना सात जणांनी हॉर्न मारला. सातही जणांना मी खिडकीतून माझं मत कळवलं.

नव्या जागी खुर्च्या आधीच लागल्या होत्या. स्टिअरिंगवर आर्डिसला बघून कुजबुज सुरू झाली. "दिवे सांभाळा रे," कॅनडावाला म्हणाला. वर्लिन वॉकीटॉकी घेऊन उतरला. गाडीच्या अंगावर हात टेकत टेकत मागे गेला, तिथे ताठ उभा राहिला आणि दोन्ही हात वर केले. असले हातवारे मी विमानतळावरही पाहिले नाहीत. "ये. ये. डावीकडे घे. अजून. बास." यातलं निम्मं तो एका झाडाला सांगत होता.

मी पुढच्या बाजूला होते म्हणून मला दिसलं. आर्डिसचा वॉकीटॉकी काचेखाली पडला होता, बंद. तिची नजर आरशांवर. डावा, उजवा, डावा. एकदाही पुढे न येता तिने ते छत्तीस फूट दोन झाडांच्या मधोमध नेऊन ठेवलं. पानसुद्धा घासलं नाही.

मग ताटं वर गेली. दहा, दहा, साडेनऊ, दहा. सगळी गाडीच्या मागच्या बाजूला, वर्लिनकडे तोंड करून.

"काय माणूस आहे," कॅनडावाला बायकोला म्हणाला. "बायकोकडूनसुद्धा दहाचं काम करून घेतलं. मागे उभा राहणारा असा हवा."

"बघून शिक," बायको म्हणाली.

वर्लिनने मान झुकवली, जरा झाडाच्या बाजूला. मी खुर्चीतून उठले, दोन शब्द तोंडात तयार होते. आर्डिसने खिडकीतून माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. मी बसले. मला ओळखणाऱ्यांना हे खरं वाटणार नाही.

लोक पांगल्यावर वर्लिन गाडीला हात लावत पुढे आला, तिच्या खिडकीखाली थांबला आणि पत्र्यावर दोन टिचक्या मारल्या.

"वाईट नाही," तो म्हणाला.

त्या दिवशी खिमा केलेलाच नव्हता.

पुढच्या आठवड्यात वर्ग पुन्हा सुरू झाला. पहिला नियम आता असा, की सगळं मागे उभ्या असलेल्या माणसावर असतं, ड्रायव्हरने फक्त ऐकायचं. मार्चमध्ये त्याने लायसन्सची मुदत गुपचूप संपू दिली. जाताना या वेळी मोठ्या रस्त्याने गेले, पाच दिवसांत पोचले. वस्तीत लोक हळहळले. बिचारे, म्हातारपणी घाईला लागले.

निघायच्या आधी मी आर्डिसला विचारलं होतं, "राग नाही येत तुला?"

"येतो की. पण नोव्हेंबरला मी परत येणार आहे. रागाला काय, तोही येईल गाडीत बसून."

तिचं तिला लखलाभ. मला दहा दिसलेत, आणि ते कुणाला मिळाले तेही दिसलंय. म्हणून तुम्हाला सांगते. या हिवाळ्यात इकडे आलात, आणि दोन झाडांच्या मध्ये एक लांबलचक घरगाडी मागे येताना दिसली, पाठीमागे एक म्हातारा झाडाला सूचना देत असला, तर त्याला काही बोलू नका. फक्त कागदी ताट आणि जाड पेन आणा, आकडा मोठा काढा, आणि उठून गाडीच्या पुढे या. ताट ड्रायव्हरच्या खिडकीसमोर धरा.