चंद्रीचा काठ

बदलापुरात हेंद्रेपाड्याच्या मागून एक ओढा वाहतो. वरच्या सोसायट्यांनी त्यात सांडपाणी सोडलं, रेतीवाल्यांनी तळ खरवडला आणि काठ दर पावसाळ्यात हातभर ढासळू लागला. त्याच काठाला चंद्रीचा डवरा. डवरा म्हणजे रेतीत खणलेला खड्डा, ओढ्याचं पाणी मातीतून गाळून त्यात पाझरतं. सासूच्या हयातीत ते पिण्याचं होतं. चंद्रीच्या हंड्यात आलं ते काळं. आपली नातवंडं इथलंच पाणी पितील, ही जिद्द तिनं धरली.

ठाकराची बाई. झोपडीचा कूड विणणं तिला कुणी शिकवावं लागलं नाही. तसाच कूड तिनं काठाला घातला. कामट्या विणल्या, मागे माती भरली, निर्गुडीच्या काठ्या रोवल्या, पाण्याच्या कडेला वाळ्याची बेटं लावली. सोसायटीवाले गॅलरीतून हसायचे. "मावशी, ओढ्याला घर बांधता काय?"

"तुमचा गू अडवायला बांधते!"

तीन वर्षांत काठ थांबला. यंदा फेब्रुवारीत पाण्याच्या तपासणीचा कागद चांगला आला आणि नातवंडं ओंजळीनं डवऱ्यावर प्यायली.

वरच्या वळणावर मात्र प्लास्टिक, थर्माकोल तुंबलेलं. नगरपालिकेच्या ऑफिसात तीस फेऱ्या मारून झाल्या, तेव्हा चंद्री बालवाडीच्या रोहिणीताईसमोर जाऊन बसली. "लिही अर्ज. ओढ्यात असेल नसेल ते सगळं उपसा."

"मावशी, सगळं नको. कुठून कुठपर्यंत ते लिहू."

"मोजून मागितलं की ही माणसं काहीच देत नाहीत. सगळं लिही!"

रोहिणीनं लिहिलं. चंद्रीनं अंगठा उठवला.

मे महिन्यात पोकलेन आलं. चंद्री तेव्हा अंबरनाथला बांधकामावर होती. दुपारी परतली तर अर्धा काठ खरवडून डंपरात पडलेला, निर्गुडी मुळांसकट. ती थेट मशीनच्या दाताखाली जाऊन उभी राहिली.

"बंद कर रे ते!"

"साइडला व्हा मावशी," मुकादम हेमचंद्र म्हणाला. "गाळ, झाडझुडूप, सगळं काढायची ऑर्डर आहे."

"कुणी दिली? तुझ्या बापानं?"

त्यानं प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढला. "तुम्हीच मागितलंत. हा अंगठा कुणाचा?"

चंद्रीला वाचता येत नाही. पण अंगठ्यावर कोयत्याची आडवी चीर आहे, ती कागदावरही उठली होती. तिच्या तीस फेऱ्यांना कुत्रं विचारत नव्हतं. हा एक कागद मात्र त्यांनी शब्दन्‌शब्द पाळला. ती बाजूला झाली.

तिसऱ्या दिवशी उघडा काठ खचला आणि ओढ्याचं काळं पाणी न गाळता थेट डवऱ्यात शिरलं. सकाळी धाकटी नात सवयीनं ओंजळ घेऊन वाकली. चंद्रीनं तिला दंडाला धरून मागे खेचलं, घरात नेऊन बसवलं आणि फावडं घेऊन बाहेर आली.

रोहिणी पोहोचली तेव्हा डवरा निम्मा बुजला होता.

"मावशी, परत लावू आपण. मी येते हाताखाली."

"लाव तू," चंद्री म्हणाली आणि पुढचा दगड आत टाकला.