आत्याचं क्रोटन आणि आतोबांचा पिंपळ

आमच्या आतोबांइतका शोभेच्या झुडपांचा द्वेष करणारा माणूस अख्ख्या मावळात दुसरा झाला नाही, आणि देवाला आम्हा नातेवाइकांची थोडी जरी दया असेल तर पुढेही होणार नाही. माझ्या आत्याचे ते यजमान. जन्मभर रेल्वेत गार्डाची नोकरी केली, बोरघाट चढले-उतरले आणि पेन्शन घेऊन लोणावळ्यात कुरवंड्याच्या रस्त्याला एक बैठं कौलारू घर बांधून राहिले. घरात ते आणि आत्या, दोघंच. मूलबाळ नव्हतं. त्या दिवसांत मुंबईच्या शेटलोकांचे बंगले लोणावळ्यात भराभर उठत होते आणि बंगला म्हटला की त्याच्यापुढे क्रोटनची रांग ही हवीच. लाल, पिवळी, ठिपक्यांची, पिळदार, नाना तऱ्हेची पानं. मला विचाराल तर मोठं देखणं झाड. पण आतोबांच्या नजरेला ते पडलं की त्यांच्या कपाळाची शीर उडायला लागायची. "फूल नाही, फळ नाही, वास नाही, सावली नाही," ते बोटं मोडत म्हणायचे, "आणि वर नखरा बघा! हे झाड नव्हे, हे जावईबापू आहेत. नटायचं आणि पाणी मागायचं."

नोकरीत असताना हा माणूस कोटाच्या खिशात जांभळाच्या आणि फणसाच्या बिया बाळगायचा आणि गाडी घाटात मंदावली की ब्रेकच्या डब्यातून दरीत भिरकावायचा. खंडाळ्यापासून कर्जतपर्यंत जितकी जांभळं आहेत ती सगळी आपलीच, असा त्यांचा दावा होता आणि तो खोडायला दरीत उतरणार कोण? कुणाच्या घरी गेले तर आधी दारात उभं राहून सावली मोजायचे. झाड असेल तर आत येऊन चहा घ्यायचे, नसेल तर पाणीसुद्धा उंबऱ्याबाहेर. माझ्यासाठी तळेगावचं एक उत्तम स्थळ आलं होतं. मुलगी मॅट्रिक झालेली, गाणं शिकलेली. वडिलांनी हौसेनं आतोबांना बरोबर नेलं, आणि यांनी मुलगी बाहेर यायच्या आतच वडिलांच्या कानाला लागून सांगितलं, "उठा. दारात कात्रीनं कापलेलं मेंदीचं कुंपण, आणि झाड एक नाही. आल्यागेल्याला उन्हात तिष्ठत ठेवणारी माणसं ही." वडील उठले! मेंदीच्या कुंपणापायी माझं लग्न मोडलं, हे मी आजही कुणाला सांगितलं तर लोक हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

एकदा तर कहर केला. शेजारच्या बंगल्याच्या शेटजींनी आपली बाग बघायला त्यांना अगत्यानं बोलावलं. वैशाखातली भर दुपार. आतोबा गेले ते घरून वेताची खुर्ची उचलून घेऊन गेले, क्रोटनच्या रांगेपाशी मांडली आणि हात जोडून म्हणाले, "बसा शेटजी. एवढी हजेरी लावून उभी आहेत, एकाची तरी सावली घ्या." शेटजींना धड बसवेना, धड हसवेना. तिथला माळी कुरवंड्याचा, तोंडानं फटकळ. तो पाणी घालता घालता म्हणाला, "आवं भाऊ, ह्येच्या सावलीत मांजार सुदिक बसंना, शेट कुटं बसतील?" तेव्हापासून शेटजींनी आमच्या आतोबांना दिवाळीचा फराळ पाठवणं बंद केलं, आणि त्याचं दुःख आत्याला झालं, यांना नाही.

आता मुख्य तक्रारीकडे येतो. माझ्या आत्यानं या गृहस्थाकडे उभ्या संसारात एकच गोष्ट मागितली होती. घराच्या मागं सगळा कातळ आणि विहीर. माती म्हणावी अशी फक्त पुढच्या अंगणात, तीही बैलगाडी उभी राहील एवढी. तिथे चांगलं ऊन यायचं. त्या तुकड्यात आत्याला क्रोटन लावायचं होतं. माळ्याकडून फांदी मागून आणून तिनं रॉकेलच्या डब्यात जगवली होती. लोणावळ्याच्या पावसात तिची मुळं कुजू नयेत म्हणून चार महिने डबा ओसरीवर, थंडीत पुन्हा बाहेर, असं ती त्या झुडपाला कडेवर घेऊन वागवायची. "सकाळी दार उघडलं की काहीतरी रंगीत दिसावं, एवढंच रे," ती मला म्हणायची. एवढंच! आणि आतोबांनी त्या जागेवर काय लावावं? पिंपळ! घराच्या दारात पिंपळ लावतो का कुणी? भिंतीला तडे जातात, रात्री मुंजा बसतो, हे मावळात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. पण यांचं उत्तर तयार. कुरवंड्याच्या बायका डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेऊन बाजाराला येतात, त्यांना वाटेत टेकायला सावली नको? म्हणजे वाटेनं जाणाऱ्या झाडून सगळ्या बायकांची काळजी, आणि घरातली तेवढी उन्हात!

पिंपळ वाढला, आणि पिंपळ वाढतो तो कुणाला विचारून वाढत नाही. आत्याच्या डब्यातल्या क्रोटनवर सावली आली तशी त्याची लाल-पिवळी पानं हिरवी पडत चालली. क्रोटनला ऊन नसलं की त्याचा रंग जातो. मी पुण्याहून रविवारी गेलो की आत्या मला एकेक पान उलटून दाखवायची आणि मी ओसरीवर बसलेल्या आतोबांना ऐकू जाईल अशा बेतानं चिडायचो. एका वर्षी मुळं जोत्यापाशी पोचली आणि आत्याचा धीर सुटला. आतोबा दोन दिवस पुण्याला पेन्शनच्या कामाला जाणार होते. तिनं कुरवंड्याच्या एका लाकूडतोड्याला गुपचूप सांगून ठेवलं. मीही म्हटलं, छान, असंच पाहिजे.

पण लाकूडतोड्या त्याच पिंपळाखाली रोज विडी ओढायला बसणारा. त्यानं आतोबांनाच जाऊन सांगितलं, "भाऊ, मावशीनं झाड तोडाया सांगितलंया. म्या तोडीन, पर मग बसू कुटं?" झालं. आतोबा पुण्याला गेलेच नाहीत. ते सरळ भटजींकडे गेले आणि पिंपळाची मुंज ठरवून आले. मुंज झालेल्या पिंपळाला कुऱ्हाड लावायला मावळात कुणाची छाती होत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. "त्याला आठवं लागलंय," ते शांतपणे म्हणाले, "वेळेवर उरकलेली बरी." मुंजीला मामा लागतो, म्हणून माझ्या वडिलांना बोलावणं गेलं. वडील जरीची टोपी घालून निघालेसुद्धा! अशा रीतीनं मी, पुण्यात चार माणसांत ऊठबस असलेला माणूस, एका पिंपळाचा मामेभाऊ झालो.

मुंजीच्या सकाळी अंगणात मांडव, दाराला तोरण, कुरवंड्याची पन्नासेक माणसं, पिंपळाच्या बुंध्याला हळद लागलेली. आणि आत्या स्वयंपाकघरात, कडी लावून. पुण्याहवाचनाला यजमानीणबाई हव्यात, आणि या येईनात. आतोबांनी दारावर थाप मारली, "अगं, लोक खोळंबलेत." आतून उत्तर आलं, "ज्या मोळीवाल्या बायकांसाठी लावलंत त्यातलीच एक बसवा शेजारी!" मी मनात म्हटलं, शाबास. भटजींना पुढे आणखी दोन घरची कामं होती. त्यांनी तोडगा काढला, "यजमानीणबाईंच्या जागी सुपारी मांडू. शास्त्राला चालतं."

ते शब्द कडीच्या आत पोचले. दार धाडकन उघडलं. ठेवणीतली पैठणी नेसलेली आत्या, म्हणजे नेसून तयार होतीच बाई, उंबऱ्यात उभी. "सुपारी? मी धडधाकट जिवंत असताना माझ्या पाटावर सुपारी? एवढ्या वर्षांत या घरात दुसरं काही झालं नाही, एक मुंज होतेय, तिलाही सुपारी?" आतोबा काही बोलायला गेले, तर त्यांना, "तुम्ही गप्प बसा," म्हणून ती पाटावर बसली. अंगणात कुणी हसलं नाही. माझ्या रागालाही तेवढ्यात कुठेतरी वाट चुकल्यासारखं झालं. ती तिथे का आली हे मला कळत होतं, आणि कळायला नको होतं.

विधी भराभर पुढे सरकले. मग भटजी म्हणाले, "आता मातृभोजन. ते झाडाला नसतं, सोडून देऊ." आत्यानं मान वर केली. "का म्हणून? मुंजीआधी आई मुलाला आपल्या पानात जेवायला घेते ना? मग माझ्याच मुलानं उपाशी का बसायचं?" ती स्वतः उठली, केळीचं पान आणलं, भात-वरण, लाडू, मुरड घातलेली करंजी वाढली आणि पिंपळाच्या बुंध्याशी मांडी घालून बसली. इतक्या वर्षांत त्या सावलीत ती पहिल्यांदाच बसत होती. एक घास तिनं मुळाशी ठेवला, एक आपण घेतला. पुन्हा एक ठेवला. जेवताना तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती. आतोबा भर उन्हात उभे होते. त्यांना मांडवात ओढावं म्हणून मी हात धरला, तर त्यांनी तो सोडवून घेतला. या माणसाशी भांडायला मी सबंध जन्म तयारी करून यायचो, आणि त्या वेळी त्यांच्याच शेजारी उन्हात उभा राहिलो. आता दोघंही नाहीत. पण मला ती दोघं आठवतात ती तशीच, ती सावलीत, ते उन्हात.

भटजींनी घटिकापात्राकडे बघितलं आणि चुळबुळत म्हणाले, "वहिनी, जरा आटपतं घ्या. मुहूर्त टळतोय."

आत्यानं वर पाहिलंसुद्धा नाही. पुढचा घास कालवता कालवता ती म्हणाली, "थांबा हो जरा. जेवतोय तो."