परका मांगूर

माशांना अहो-जाहो करणारा माणूस मी एकच पाहिला, आमच्या बिबवेवाडीतले शिंपीकाका. रविवारी सकाळी लोणी काळभोरजवळ नदीवर ते मला गळ टाकायला शिकवत. आकड्याला कोंबडीचं काळीज लावलं की पाण्याकडे बघून म्हणत, "या, जेवून घ्या."

माझ्या गळाला पहिलाच मासा लागला, मिशाळ मांगूर. मी मोठ्या मनाने तो परत सोडायला निघालो, तर काकांनी तो हिसकावून घेतला आणि दगडाने त्याचं डोकं ठेचलं. माझ्या शर्टावर रक्त उडालं.

"अहो, काय केलंत हे!"

"परदेशी मांगूर आहे. सोडलात तर नदीतले आपले मासे संपवेल," ते त्याच मऊ आवाजात म्हणाले.

मग तो ओला दगड त्यांनी माझ्या हातात ठेवला.

"पुढचा तुम्ही."